डावीकडं टेकलेला नंबर

धाटावच्या कंपनीत हजेरी ठेवणाऱ्या आमच्या टाइम ऑफिसचे काका पडद्यावरचा प्रत्येक आकडा बोट लावून वाचायचे. एकदा एक्सेलमध्ये याद्या आपोआप लावणाऱ्या माझ्या नव्या मॅक्रोने गडब गावच्या एका कामगार बाईंचं नाव शिफ्टच्या यादीतून गाळलं, आणि वॉचमनने त्यांना गेटवरच अडवलं.

"कोड बरोबर आहे," मी हट्टाने म्हणालो.

काकांनी बाईंच्या टोकन नंबरावर बोट ठेवलं. "बाकीचे उजवीकडं हायत, ह्यो एकटाच डावीकडं टेकलाय. मशीन याला आकडा नाय, अक्षरं समजतंय. मग मूळ यादीतल्या नंबराशी जुळंल कसा?"

मग ते स्वतः उन्हातून गेटपर्यंत गेले. "ये गो आत, चूक आमची हाय."

काकांना रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. त्यांची आठवण आली की वाटतं, चूक माझ्या एकट्याची होती. गेटपर्यंत मी जायला हवं होतं.