शांतवन मिस्त्रींची जाळी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिने तर त्या प्रवासाचा फोटो हॉलमध्ये टीव्हीच्या वर लावलाय — आमच्या केडगावच्या घरी आलेल्या प्रत्येकाला कौतुकाने दाखवते. कंपनीने मला मान म्हणून पाठवलं होतं, असं ती समजते. फोटोत मी केशरी फेटा बांधून एका शाही रेल्वेच्या डब्यात उभा आहे. मागे सागवानी जाळी आहे. लोक फेट्याचं कौतुक करतात, जाळीकडे कोणी बघत नाही. मला तेच बरं वाटतं.

आधी त्या जाळीबद्दल सांगतो. वेळ काढतोय का मी? काढतोय.

नागापूरच्या एमआयडीसीत एका फर्निचरच्या कारखान्यात मी सुपरवायझर होतो. राजस्थानातल्या जुन्या संस्थानांतून फिरणाऱ्या त्या गाडीच्या जेवणाच्या डब्याचं लाकूडकाम आमच्याकडे आलं. डब्याच्या मधोमध जाळी हवी होती, महालातल्या झरोक्यासारखी. ती केली शांतवन मिस्त्रींनी. देवळाली प्रवऱ्याहून रोज एसटीने यायचे. चर्चची बाकं करता करता हात बसलेला माणूस. शेकडो तुकडे एकात एक अडकवलेले — खिळा नाही, सरस नाही.

पण धावत्या गाडीत लाकूड हलणार, मग ते करकरणार नाही का? या एका प्रश्नाने मिस्त्रींची झोप उडाली. जाळीचा एक छोटा नमुना त्यांनी टेम्पोत टाकला, स्वतः शेजारी आडवे झाले, जाळीला कान लावला आणि ड्रायव्हरला मनमाड रोडने राहुरीपर्यंत टेम्पो पळवायला लावलं. त्या रस्त्याचे खड्डे तुम्हाला माहीत असतील! धुळीने माखून परत यायचे, तुकडे कानशीने घासायचे, पुन्हा टेम्पोत. मी हसायचो. पण खरं सांगू? एवढा जीव ओतून काम करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

गाडी सुरू झाली आणि गाडीवाल्यांचं पत्र आलं. इंग्रजीत. जाळी करणाऱ्या कारागिराने दोन दिवस आमचा पाहुणा म्हणून गाडीतून प्रवास करावा. पत्र माझ्या टेबलावर आलं, आणि मिस्त्रींना इंग्रजी येत नव्हतं — पुढचं ओळखलंत ना? मी माझं नाव कळवलं. मिस्त्रींना म्हणालो, तपासणीला जातोय.

काय गाडी होती हो ती! स्टेशनावर सनई, हातावर अत्तर, चांदीच्या ताटात जेवण. खिडकीबाहेर टेकडीवरचा किल्ला संध्याकाळच्या उन्हात कितीतरी वेळ आमच्याबरोबर चालत राहिला. डोळ्यांचं पारणं फिटलं. जेवताना मॅनेजरने माझी ओळख करून दिली — हेच ते कारागीर. सगळ्या डब्याने टाळ्या वाजवल्या. एका परदेशी आजीबाईंनी माझे हात हातात घेऊन निरखले. सुपरवायझरचे मऊ हात. मी सांगितलं, हातमोजे घालून काम करतो.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याआधी डबा रिकामा होता. मी जाळीला कान लावला. गाडी भरधाव होती. कपाटं कुरकुरत होती, पेले किणकिणत होते, दारं खडखडत होती. जाळी मात्र गप्प. अगदी गप्प. माझ्या अंगावर काटा आला. इतकं देखणं काम, आणि त्यात माझं काहीच नव्हतं.

परतलो तर मिस्त्री कारखान्याच्या गेटपाशीच उभे. गाडी कशी, राजवाडे कसे — काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "सायेब, गाडी पळायला लागली की करकरती का वो?"

मी म्हणालो, "थोडी करकरते."

का म्हणालो? जाळी चांगली झाली म्हटलं असतं तर मिस्त्रींनी एकदा बघायला न्या म्हणून धरलं असतं, आणि माझं पितळ उघडं पडलं असतं. ही भीती होती. पण ती अर्धीच. उरलेला निव्वळ जळफळाट होता. टाळ्या मी घेतल्या, तरी काम त्यांचंच राहिलं — तेच मला खुपत होतं.

मिस्त्रींचा चेहरा उतरला. "माझंच चुकलं कुटंतरी," म्हणाले. तो नमुना घरी घेऊन गेले. त्यानंतर जाळीचं काम त्यांनी कधीच घेतलं नाही. बाकं केली, टेबलं केली, आणि माझ्यासारखेच रिटायर झाले.

मागच्या महिन्यात देवळालीला त्यांच्या घरी गेलो होतो. मिस्त्री आता पार थकलेत, ऐकूही येत नाही. ओट्यावर तो नमुना होता. इतकी वर्षं तुकडे नव्याने करून बसवत होते, सोडवत होते, पुन्हा बसवत होते. मला बघून त्यांनी तो मांडीवर घेतला.

"सायेब, मला आता ऐकू येत न्हाई. मी हलवतो, तुमी कान लावा."

त्यांनी तो जोरजोरात हलवला. मी कान लावला. काही आवाज नव्हता. मी मान हलवून सांगितलं, नाही करकरत.

मिस्त्रींचा चेहरा असा काही उजळला! "लई वर्सं लागली," म्हणाले, "पन जमलं शेवटी."

मी जाळी जवळून पाहिली. सुपरवायझर होतो, एवढं तरी ओळखतो. खाच न खाच गाडीतल्या जाळीचीच होती. फिरून फिरून ते तिथेच आले होते.

त्यांना कागदावर लिहून द्यायला एक वाक्य पुरलं असतं. मी चहा संपवला, हात हातात घेऊन त्यांचं अभिनंदन केलं आणि केडगावला परत आलो.