उंबराची सावली

कोल्हापूरच्या शेती खात्यात असताना गडहिंग्लजच्या पुढच्या डोंगरात मी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे, मामांकडे, वर्षातून तीन-चारदा जायचो. रानातल्या मोठ्या झाडांच्या सावलीत त्यांनी कॉफी लावली होती. खुडायची ती फक्त लाल फळं. बिया धुऊन चटईवर वाळवायच्या आणि साली पुन्हा कॉफीच्याच बुडाशी घालायच्या. "ज्याचं त्याला द्यायला नको व्हय?" म्हणायचे.

मळ्याच्या मधोमध जुना उंबर होता. पिकाला ऊन हवं, तो तोडा, असं मी सांगितलं. मला सवय उसाची. कॉफीतलं काही कळत नव्हतं.

"सायेब, ह्यो गेला तर खालची झाडं करपत्यात की."

नाहीतर खात्याकडून पुढची रोपं मिळणार नाहीत, असं मी धमकावलं. उंबर पडला. ऑक्टोबरच्या उन्हात खालची सगळी झाडं करपली. अहवालात मी 'रोग' असं लिहिलं.

जानेवारीत गेलो, तेव्हा उंबर पडून मोकळ्या झालेल्या जागेत उरलेल्या झाडांच्या बिया वाळत होत्या. दुपार कलली तसे ते उठले आणि चटया ओढू लागले. लख्ख ऊन होतं.

"मामा, कशाला हलवताय?"

"उंबराची सावली आली न्हवं. तुमी बी सरका पावणं, गार लागंल."

साहेब म्हणायचं त्यांनी सोडलं होतं. मी हट्टानं तिथंच उभा राहिलो. चूक माझी होती, एवढंच मला सांगायचं होतं. चहूकडे ऊन होतं आणि माझे दात वाजत होते. म्हणून बोलता आलं नाही, असं मी आजवर स्वतःला सांगत आलो आहे.