बुडालेल्या जहाजाचं दार

समुद्र माणसाला नम्र करतो. सोलापुरात नळाला चार दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे आम्हाला ही सोय नव्हती. ती माझ्या शेजाऱ्याने केली. तो एमआयडीसीत टॉवेलांचे यंत्रमाग दुरुस्त करतो. दर रविवारी आम्हा चौघांना जमवून तो फासे टाकत गोष्ट रचायचा खेळ मांडायचा. एका खेपेला आम्हाला बुडालेल्या जहाजात उतरवायचं म्हणून त्याने तीन महिने नकाशे काढले होते.

"पाण्याखाली बोलायचं न्हाय, सर. तोंड उघडलं की बुडालात," त्याने बजावलं. मागांच्या खडखडाटात कामगार हातांनी बोलतात, त्याच खुणा त्याने आम्हाला शिकवल्या. तासभर चार प्रौढ माणसं खरोखर गप्प होती. नकाशावर कप्तानाच्या खोलीचं दार आलं, तेव्हा त्याने स्वतःचाही श्वास रोखला.

तेवढ्यात मी म्हणालो, "आत टॉवेल वाळत घातले असतील."

सगळे हसले. हसू आवरेना.

"बुडालात की समदे," तो हळूच म्हणाला आणि त्याने नकाशाची घडी घातली. दारामागे काय होतं, हे विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.

आता रविवारी आम्ही रमी खेळतो. पत्ते तो छान पिसतो.