पिनांच्या आतलं प्रेम

मी मुलींच्या वसतिगृहात भित्तिपत्रक लावायला गेले होते. वाचनाच्या खोलीत नववीतली एक मुलगी पुस्तकाची दोन पानं नळीसारखी फुगवून, आत एक डोळा लावून वाचत होती. जादूच्या निवासी शाळेच्या मालिकेतला चौथा भाग. पानांच्या कडा स्टेपलरने टाचलेल्या.

"कुणी टाचलं?"

"रेक्टर मॅडमनी. आत भानगड आहे म्हणाल्या."

भानगड म्हणजे गोष्टीतल्या एका मुलाने आणि मुलीने तळ्याकाठी एकमेकांचा हात धरला, एवढीच. त्याआधी त्याच मुलीवरून दोन मुलं एकमेकांवर मंत्र फेकतात, एकाचा खांदा भाजतो. ती पानं खुशाल उघडी. आपल्याकडे हे असंच आहे. प्रेम घरात भानगड, गल्लीत लफडं, चौकीत प्रकरण. वैराला मात्र आपण बाणा म्हणतो आणि कौतुकाने पोरांना शिकवतो.

"ताई, या दोन मुलांचं भांडण दिसतं, मिटतं कसं ते पिनांच्या आत आहे," मुलगी म्हणाली. "माझी मैत्रीण बोलत नाही ना माझ्याशी. एका मुलावरूनच. म्हणून बघायचंय."

मी नखाने पिना उचकटल्या. मॅडम दारातच उभ्या होत्या.

"कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही. टाचताना तुम्ही कुणाला विचारलं होतं?"

मॅडम मुलीकडे वळल्या. "एवढी हौस आहे ना, मग वाच मोठ्याने."

लाजेल असं त्यांना वाटलं असावं. ती उभी राहिली आणि न अडखळता वाचू लागली. खोलीतल्या सगळ्या ऐकत होत्या, ती न बोलणारी मैत्रीणसुद्धा.