दलालाशिवाय विकलेलं घर

मेडशीचं आमचं घर मी दलालाशिवाय विकलं, आणि खरेदीखतही स्वतःच्या हातानं लिहिलं. अर्जनवीसाला त्यातली एक ओळ लिहू दिली नाही. आमच्या अख्ख्या घराण्यात सही करणारा मी पहिला. अमरावतीहून बी. ए. होऊन आलेल्या माणसाला घर विकायला मधात तिसरा कशाला हवा? ताठा होता, आणि तो मी कष्टानं कमावलेला होता. हे आजही लपवत नाही.

वडील जाऊन चार वर्षं झाली होती. मला अकोल्याला मास्तरकी लागली. मायला एकटं ठेवायचं नव्हतं, म्हणून दोन खोल्यांचं ते धाब्याचं घर विकायचं ठरलं. बातमी कळताच जवळच्या मालेगावचा म्हातारा दलाल आला. बैलांचे, वावरांचे, घरांचे, सगळे सौदे तोच करी. त्याची एक रीत होती. घराचा सौदा हाती घेण्याआधी तो चुलीपाशी जाई, घरच्या बाईच्या हातचं पाणी पिई आणि घटकाभर तिच्याशी बोले. चहा मिळवायची ही युक्ती, असं मी समजायचो.

"मास्तर, मी जरा वयनीले भेटतो," तो म्हणाला.

"कायले? घर मी विकून राह्यलो, माय नाही."

"भिंती तुमी विकसान. पण घरात काय हाय, ते बाईलेच ठाऊक राह्यते."

"दोन रांजण अन् एक जातं हाय. ते आमी संगं नेऊन राह्यलो."

तो हसला. "लय शिकले बाप्पा तुमी," म्हणाला आणि पाणी न पिताच उठला.

गिऱ्हाईक मीच शोधलं. धनजचा एक तरुण शिंपी, नुकतंच लग्न झालेला, मेडशीत मशीन टाकू पाहणारा. खत लिहून झालं तेव्हा ओसरीत बसून मी ते त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. सदर घरात व परसात कोणताही दोष नाही, कोणाचाही हक्क नाही, विकणाराने काहीही लपवून ठेवलेले नाही. माय दारात उभी होती.

"हे सारं लिहाच लागते का रे?" तिनं विचारलं.

"लागते. कायद्याचं हाय ते."

ती आत गेली. मी पुढचं वाचायला घेतलं.

अकोल्याला येऊन वर्ष होत आलं. अखाजीच्या, म्हणजे पितरांना घास ठेवायच्या अक्षय्य तृतीयेच्या, आठेक दिवस आधी माय म्हणाली, "मले मेडशीले नेशीन का? एका दिवसापुरतं."

"आता तिथं कोणाकडं जाशीन?"

ती तांदूळ निवडत राहिली आणि निवडता निवडताच तिनं सांगितलं. माझ्या आधी तिला एक मुलगी झाली होती. आठ दिवसांची होऊन गेली. एवढ्या लहान लेकराला आमच्यात जाळत नाहीत. वडिलांनी तिला परसातल्या भिंतीच्या कडेला पुरलं. दर अखाजीला माय तिथं पानावर घास ठेवायची. मी तो लहानपणापासून पाहत होतो, आणि कावळ्यांसाठी असेल असं धरून चाललो होतो.

"मले काहून नाही सांगतलं?"

"घर इकाच्या वक्ताले असं तोंडातून कसं काढू? गिऱ्हाईक पळालं असतं. अन् तू कधी इचारलं? तो म्हातारा आला होता इचाराले."

अखाजीच्या दिवशी मायला घेऊन निघालो, पण मेडशीला न उतरता पुढं मालेगावला जाऊन मी आधी त्या दलालाला गाठलं. मान खाली घालून सगळं सांगितलं. त्यानं टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

"सौद्यात मी असतो तं शिंप्याले बोललो असतो," तो म्हणाला. "तेवढा कोपरा सोडा, वर्सातून एक दिवस बाई येईन. कायले, ते कसं सांगाचं हे माहं काम होतं. आता मी गेलो तं तुमचा कागद लबाड ठरते."

मी मायला घेऊन तसाच मागं मेडशीला आलो. ठरवलं होतं, शिंप्याला खरं सांगायचं. लबाड म्हणाला तर ऐकून घ्यायचं. तो घरी नव्हता. त्याची बायको बाहेर आली. तिचे दिवस भरत आले होते. तिनं मायच्या पायाला हात लावला, पाणी दिलं.

"एक सांगाचं होतं," मी सुरुवात केली.

मायनं माझा दंड धरला. "काही नाही व माय. बस बदलाची होती, म्हटलं घर पाहून घ्यावं."

ती पोरगी हौसेनं तिला मागच्या दाराशी घेऊन गेली. परसात भिंतीलगत तिनं वांगी लावली होती. "या ना खाली, पाहा कशी धरली."

"नाही, पाय माखतीन," माय उंबऱ्यावरूनच म्हणाली. पदरातली घासाची पुरचुंडी तिनं बाहेर काढलीच नाही.

रस्त्याला लागल्यावर म्हणाली, "पोटुशी हाय ते. आपुन काही सांगाचं नाही. कधीच नाही."

पुढल्या अखाजीला मी आपण होऊन विचारलं, जायचं का. "आता तिचं लेकरू तिथं रांगत असन," ती म्हणाली. "आपुन जाऊन त्याच्या घरात रडाचं कायले?"

आमच्या भाड्याच्या खोलीला परस नव्हतं. तिनं पानावर घास वाढला आणि पान हातात घेऊन ती दारात उभी राहिली. कुठं ठेवावं, ते तिला कळेना.