गाण्यांच्या मधली बाई

सोलापूरच्या मंगळवार बाजारात जुन्या कॅसेटी विकणारा तो चाळिशीतला माणूस प्रत्येक फीत मऊ फडक्याने पुसतो आणि डोळे मिटून ऐकतो. परवा त्याने मला थांबवलं.

"सिनेमाची गाणी हायती, पण मधी एक बाई गाती. ऐका की!"

त्याने फीत लावली. एक गाणं संपलं, बाईच्या दोन ओळी आल्या आणि पुढच्या गाण्यात बुडाल्या. ऐंशीच्या दशकात माझं कॅसेटचं दुकान होतं. सोलापूरच्याच एका गायिकेच्या न खपलेल्या कॅसेटी पुसून मी त्यांवर सिनेमाची गाणी भरली होती; दोन गाण्यांच्या मधल्या फटींत तिचा आवाज कुठे कुठे पुसायचा राहिला होता. तसं मी त्याला सांगितलं.

तो रागावला नाही. अशा फटींतून त्याने तिच्या अकरा ओळी जमवल्या होत्या, केवढ्या चिकाटीने! रेकॉर्डर पुढे सरकवत तो म्हणाला, "मग बाकीचं तुमालाच ठावं आसंल. म्हना, काका."

मला सगळं पाठ होतं. पुसण्याआधी मी ते रोज ऐकत असे.