चहा न सांडणारी वाट

तिला सगळे फावडेबाई म्हणत. पगाराच्या कागदावर 'मार्ग देखभाल कर्मचारी' असं काहीतरी लांबलचक होतं, पण ते कुणी वाचून संपवेपर्यंत बाई दोन घमेली खडी टाकून मोकळी झालेली असायची.

तळ्याकाठची ती जुनी इस्टेट. मोठं घर, घरामागं बाग, बागेमागं रान आणि रानाच्या डोक्यावर पडका किल्ला. किल्ला म्हणजे काय, दीड बुरूज, एक कमान आणि बाकी सगळी हवा. पण शहरातली माणसं फिरायला यायची ती त्या दीड बुरुजासाठी. त्यांच्यासाठी वाटांना पाट्या लावलेल्या. हिरवी पाटी म्हणजे सोपी वाट. लाल पाटी म्हणजे ज्याचे गुडघे त्यानं सांभाळावेत. कुठली वाट हिरवी, हे बावीस वर्षं फावडेबाईच ठरवत आली. तिचं माप एकच. चहाचा मग काठोकाठ भरायचा आणि फाटकापासून वाट संपेपर्यंत चालायचं. सांडला नाही तर वाट सोपी. सांडला तर फावडं.

"आणि तो चहा पितेस कधी?" नवरा विचारायचा. तो तळ्यावर होडी चालवायचा, त्यामुळे वाटांविषयी त्याला फारसा आदर नव्हता.

"पोचल्यावर. गार चहा पोटात गेल्याशिवाय मला काम केल्यासारखं वाटत नाही."

त्या वर्षी नवा मॅनेजर आला. पोरगा वाईट नव्हता. बूट नवे, वही नवी आणि सगळंच नव्यानं करायची हौस. त्याला सोप्या वाटांची पुस्तिका छापायची होती. तळ्याकाठची वाट त्यानं घेतली, बागेतली घेतली, आणि किल्ल्याच्या वाटेवर काट मारली.

"गेल्या महिन्यात सहा म्हातारी माणसं अर्ध्यातून मागं फिरली," तो म्हणाला. "ती वाट बंद करू. खाली दुर्बीण बसवू. किल्ला तिथून झकास दिसतो."

"दुर्बिणीतून जेवण दिसलं तर पोट भरतं का हो तुमचं?"

मॅनेजर हसला, पण काट तशीच राहिली. शेवटी बाईनं तीन आठवडे मागून घेतले. चौथ्या रविवारी तो स्वतः येणार, आणि सत्तरी ओलांडलेलं एक तरी माणूस कुणाचा हात न धरता कमानीतून आत गेलं, तरच पाटी हिरवी. नाहीतर दुर्बीण.

बाईला ती दुर्बीण एवढी झोंबली त्याचं कारण घरात होतं. तिची सत्तरी ओलांडलेली नणंद. बाई तिला 'वन्सं' म्हणायची, म्हणून सगळी इस्टेटच वन्सं म्हणायला लागली. वन्संनी मोठ्या घराच्या धुलाईघरात जन्म काढला. त्या काळी चादरी किल्ल्याच्या भिंतीवर वाळत घालायच्या. वर वारा असा, की अर्ध्या तासात चादर पापडासारखी कडक. मग गुडघे गेले, आणि नऊ वर्षं वन्सं वर गेल्या नव्हत्या. अंगणातल्या दोरीवर कपडे टाकताना रोज एकच पालुपद.

"ह्याला वारा म्हणायचं? गाय सुस्कारते त्यापेक्षा जोरात."

"वन्सं, तुम्हाला वर नेईन," बाईनं केव्हाचं कबूल केलं होतं. "उचलून नाही. चालवत."

आता वाटच बंद झाली तर नेणार कुठून?

बाई कामाला भिडली. मधल्या अकरा पायऱ्या उखडल्या आणि अक्रोडाच्या झाडाला वळसा घालून चढ लांबवला. पाण्याला चर काढले. खडी पसरली आणि धुम्मस घेऊन, म्हणजे तो दांड्याचा जड ठोकळा, दिवसभर ठोकत राहिली. बाराव्या दिवशी संध्याकाळी चहाचा मग भरला आणि चालली. थेट कमानीपर्यंत. एक थेंब नाही. एवढी खूश झाली की चहा जिभेला गरम लागल्यासारखा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वन्संना घेऊन आली.

"हातात हा चहाचा मग कशाला? मी काय टपरीवर कामाला आहे?"

"चाला तर खरं."

पहिल्या वळणाला अर्धा चहा वन्संच्या बाहीवर होता. अक्रोडापाशी मग रिकामा.

"हिला सोपी म्हणतेस?"

"काल एक थेंब सांडला नाही माझा!"

"तुझा नाही सांडणार. पुढं हो, चालून दाखव." बाई दहा पावलं गेली. "थांब. डावा खांदा का पाडलास?"

"कुठं पाडला?"

"आणि इथं टाच उचललीस. तिथं दम धरलास. चोरानं घरात शिरावं तशी चालतेस गं, अंधारातसुद्धा काही पडायचं नाही."

बाई मागं आली. जिथं खांदा पाडला तिथं फांदी आडवी आलेली. जिथं टाच उचलली तिथं मुळी, दोन बोटं वर. बावीस वर्षांत अंगाला इतकं सवयीचं झालेलं, की डोळ्यांना दिसेनासं झालं होतं. म्हणजे आजवरचं सगळं माप तिच्याच पायांचं. ती सहा माणसं मागं फिरली त्यात नवल ते काय?

बाई तिथंच मटकन बसली.

"बसू नकोस," वन्सं म्हणाल्या. "चहा आण दुसरा."

त्या दिवसापासून वन्सं पुढं मग घेऊन आणि बाई मागं खुंट्या घेऊन. जिथं चहा सांडेल तिथं खुंटी. पहिल्या दिवशी एकोणीस खुंट्या. वन्सं घरी गेल्या की बाई एकेका खुंटीपाशी फावडं घेऊन बसायची. वन्संना तर अंगात आल्यासारखं झालं.

"इथं बाक पाहिजे. इथं नाही गं, इथून नुसती झुडपं दिसतात. चार पावलं पुढं, तळं दिसतं तिथं. माणूस दमला म्हणून काय त्याला झुडपं दाखवायची?"

रोज खुंट्या कमी होत गेल्या आणि रोज वन्सं वीस-तीस पावलं जास्त चढत गेल्या. हे दुसरं त्यांच्या ध्यानात आलं नाही, आणि बाईनं आणूनही दिलं नाही. शनिवारी शेवटच्या वळणापाशी त्या थांबल्या. पलीकडं कमान.

"उरलेलं उद्या."

"वन्सं, तेवढी चाळीस पावलं राहिलीत. तिथं फक्त माझेच पाय लागलेत."

"आज वर गेले तर उद्या कशाला येऊ?"

रविवारी मॅनेजर वही घेऊन हजर. वन्संच्या खांद्याला पिशवी, दोन्ही हातांत मग. एक त्यांनी त्याच्या हातात कोंबला.

"धर. काठोकाठ आहे. सांडलास तर खालपासून पुन्हा."

निघाले. पुढं वन्सं, मागं मॅनेजर, सगळ्यांत मागं बाई. आज हातात फावडं नव्हतं, त्यामुळे हात कुठं ठेवावेत तेच तिला कळेना. पहिलं वळण गेलं. अक्रोड गेला. दोन बाकांवर टेकून झालं. शेवटच्या वळणावर वन्संचा पाय एका चपट्या दगडावर पडला आणि दगड किंचित कलला. हातातला मग हलला. चहा काठावर येऊन थबकला. बाईचा हात आपोआप पुढं गेला.

"हात मागं," वन्सं वळून न बघता म्हणाल्या. "धरलास तर मेला दुर्बीण बसवेल."

आणि त्यांनी मग तोंडाला लावून चांगला मोठा घोट घेतला.

"अहो, हे चालत नाही!" मॅनेजर ओरडला.

"सांडायचा नाही असं ठरलंय. प्यायचा नाही असं कुठं लिहिलंय? बघ तुझ्या वहीत."

मॅनेजरनं खरंच वही बघितली. तोवर वन्संनी छोटी छोटी सहा पावलं टाकली, मग आणखी, आणि कमानीतून आत गेल्या. कुणाचा हात न धरता.

मॅनेजरचा मग अजून काठोकाठ होता. "सांडला नाही," तो म्हणाला, आणि त्याला स्वतःलाच आनंद झाला.

"काय बघितलंस रे वाटेत?"

त्यानं मगात बघितलं. "चहा."

"मग तो ठेव इथं आणि परत एकदा चालून ये. तळं आहे त्या बाजूला."

तो निमूट खाली उतरला. वन्संनी पिशवी उघडली. आत चादर होती, सकाळी पिळलेली, ओली. बाईनं एक टोक धरलं, वन्संनी दुसरं, झटकली आणि भिंतीवर पसरली. वाऱ्यानं ती अशी फडफडली की खाली तळ्यातून होडीची शिट्टी आली. नवऱ्यानं बघितलं होतं.

मॅनेजर दुसऱ्यांदा वर आला, धापा टाकत नव्हता, आणि सांगू लागला की तिसऱ्या वळणावरून सगळं तळं दिसतं. मग चादर बघून थबकला. "आजी, इथं कपडे वाळत घालायला मनाई आहे. पाटी आहे तशी."

"ती पाटी माझ्यानंतरची आहे. तू आधी ती दुसरी लाव, हिरवी."

"उद्याच लावतो," तो म्हणाला. "पण तुम्ही उतरणार कशा?"

"उतरायची घाई कुणाला आहे?"

बाई तोवर मागं वळणावर गेली होती. कललेल्या चपट्या दगडाशी तिनं खिशातली शेवटची खुंटी ठोकली आणि परत येऊन भिंतीला टेकली. वन्सं चादरीचा काठ बोटांत चोळत होत्या.

"वाळली," त्या म्हणाल्या. "पंचवीस मिनिटं. वारा अजून कामावर आहे."